बेळगावहून हंपी: एक दिवस नदीकाठाचा, एक दिवस राजवाड्यांचा

हंपी एका दिवसात होत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मंडळी पहाटे गाडी काढतात, अकराच्या सुमारास हंपीत उतरतात, रिक्षावाल्याला ‘सगळं दाखव’ म्हणतात आणि संध्याकाळी परतीला लागतात. तोवर ऊन डोक्यात गेलेलं असतं, दगडी रथासमोर फोटो निघालेला असतो आणि बाकीचे सगळे खांब सारखेच वाटायला लागलेले असतात. एवढ्या लांब जायचंच आहे तर तीन मुक्काम धरा. तेवढी सुट्टी नसेल तर पुढच्या खेपेला जा, पण घाईने उरकू नका.

आधी गावाची मांडणी डोक्यात बसवा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. तुंगभद्रेच्या दक्षिण काठाला लागून देवळांची रांग आहे: विरूपाक्ष, हेमकूट, कोदंडराम, अच्युतराय, विठ्ठल. तिच्या दक्षिणेला तुर्तू कालवा. हंपी ही विजयनगर साम्राज्याची राजधानी; त्या काळातला हा कालवा आजही वाहतो आणि त्यावर केळी, ऊस, भात पिकतं. शेतीचा तो हिरवा पट्टा ओलांडला की राजवाड्यांचा भाग, आणि त्याला लागून कमलापूर. नदीच्या उत्तरेला आनेगुंदी. आनेगुंदी कोप्पळ जिल्ह्यात येते, हंपी विजयनगर जिल्ह्यात. म्हणून एक दिवस नदीकाठ पायी, दुसरा दिवस राजवाडे वाहनाने, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडचा काठ. रिक्षात बसून हे तिन्ही भाग एकात एक मिसळले की निम्मा वेळ वळसे घालण्यातच जातो.

राजवाडे म्हटल्यावर म्हैसूरचा राजवाडा डोळ्यापुढे आणू नका. हंपीत राजवाड्यांची फक्त जोती उरली आहेत. खाली दगडी जोतं आणि वर लाकडी खांब, लाकडी मजले अशी त्या वाड्यांची बांधणी होती. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई हरल्यावर राजधानी लुटली गेली, जाळली गेली. लाकूड जळालं, दगड राहिला. देवळं मुख्यतः दगडाची होती म्हणून ती उभी आहेत. हे माहीत नसलं की माणूस राजवाड्याच्या आवारात शिरून ‘इथे काहीच नाही’ म्हणत पाच मिनिटांत बाहेर पडतो.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. मार्चपासून दगड तापायला लागतात, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी दहानंतर अनवाणी चालता येत नाही. जुलै ते सप्टेंबर हिरवंगार असतं, गर्दीही कमी. पण होसपेटच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदी एका रात्रीत चढते. मग काठावरचा पुरंदरदास मंडप पाण्याखाली जातो, काठाची पायवाट बंद होते आणि होड्या थांबतात. पावसाळ्यात जायचं असेल तर धरणातून पाणी सोडलंय का, हे निघायच्या आदल्या दिवशी बघा.

दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबरात हनुमान माळेच्या व्रताच्या वेळी आनेगुंदीजवळच्या अंजनाद्री टेकडीवर प्रचंड गर्दी होते, एरवीही शनिवारी तिथे रांग असते. चैत्रातल्या रथोत्सवाला मुद्दाम जाणारे जातात. तेव्हा विरूपाक्षाचा उत्सव डोळे भरून दिसतो, पण बाकी काही बघायची आशा ठेवू नये.

जायचं कसं

बेळगावहून धारवाड, हुबळी, गदग, कोप्पळ, होसपेट असा सरळ रस्ता आहे, साधारण अडीचशे किलोमीटर. चहा-नाश्त्यासकट पाच तास धरा. होसपेटहून हंपी १३ किलोमीटर. अथणी, रायबाग भागातल्यांनी बेळगावला येण्याचं कारण नाही. जमखंडी, बागलकोट, इळकल, कुष्टगी करत थेट होसपेटला उतरावं.

रेल्वेने जायचं तर कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया एक्सप्रेस बेळगाव, खानापूरवरून हुबळी, गदगमार्गे होसपेटला जाते. ती रात्री पोहोचते, त्यामुळे पहिला मुक्काम होसपेटलाच ठेवा. रात्री सामान घेऊन हंपीत खोली शोधणं सोसत नाही. लोंढ्याला जाणं सोयीचं असलेल्यांसाठी वास्कोहून हावड्याला जाणारी अमरावती एक्सप्रेसही आहे, पण ती रोज नसते. वेळापत्रक बदलत राहतं, तिकीट काढतानाच बघून घ्या.

सरकारी लाल बसने जाणार असाल तर हुबळीला गाडी बदलावी लागेल असं धरूनच निघा. शक्ती योजनेमुळे कर्नाटकातला पत्ता असलेल्या महिलांना साध्या आणि एक्सप्रेस गाडीला भाडं नाही. मात्र ओळखपत्र दाखवून शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचंच. राजहंस, ऐरावत अशा गाड्यांना ही सवलत लागू नाही. चंदगड-गडहिंग्लजच्या मावशी-आत्या बरोबर असतील तर त्यांच्या आधारवर महाराष्ट्राचा पत्ता असतो, त्यांचं तिकीट काढावं लागतं. कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही. होसपेटच्या बसस्टँडवरून हंपीला दिवसभर गाड्या असतात. संध्याकाळी परतताना मात्र शेवटच्या गाडीवर विसंबू नका, सातच्या आत स्टँड गाठा.

राहायचं कुठे

म्हातारी माणसं आणि लहान पोरं बरोबर असतील तर होसपेट किंवा कमलापूर. कमलापूरला राज्य पर्यटन महामंडळाचं मयूर भुवनेश्वरी आहे. तिथून राजवाडे अगदी जवळ, फक्त खोली आधी राखून ठेवा. हंपीतच राहायचं तर विरूपाक्षाच्या शेजारच्या गल्ल्यांत घरगुती खोल्या मिळतात. खोल्या लहान असतात, पण पहाटे घंटेच्या आवाजाला जाग येते आणि सूर्योदयाआधी नदीवर जाता येतं. सणापूर-आनेगुंदी बाजूची शेतातली हॉटेलं दिसायला सुरेख आहेत. तिथे राहिलात तर हंपीला येण्यासाठी रोज होडी किंवा कडेबागिलूच्या पुलावरून लांबचा फेरा, हे लक्षात घ्या. तळारीघट्टजवळचा बांधकाम चालू असलेला पूल २००९ साली कोसळला, तो रस्ता नाही. गाडीच्या नकाशात जवळ दिसणारं ठिकाण नदीपलीकडे तर नाही ना, हे खोली ठरवण्याआधी तपासा. इथेच सर्वांत जास्त लोक फसतात.

हंपीच्या देवळाजवळच्या भागात मांसाहार आणि दारू नाही. एटीएमवर भिस्त ठेवू नका, सुट्टे पैसे होसपेटहूनच घेऊन या.

पिशवीत काय हवं

माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा पंचा, ओआरएसच्या दोन पुड्या, टॉर्च आणि जाड सुती मोज्यांचा जुना जोड. मोजे विसरू नका. विरूपाक्षाच्या आवारात आणि अंजनाद्रीवर चपला काढाव्या लागतात आणि अकरानंतर फरशी तव्यासारखी होते. पायाला फोड आला की पुढचे दोन दिवस वाया. खाण्याची प्लास्टिकची पिशवी हातात धरून चालू नका. तिथली माकडं पिशवीच्या आवाजावर येतात आणि केळी दिसली की हात धरतात. सगळं पाठीवरच्या बंद पिशवीत ठेवा.

पहिला दिवस: नदीकाठ

सहाला विरूपाक्षाच्या दारात उभे राहा. पूर्वेचं गोपुर सुमारे ५० मीटर उंच आहे, आणि पहाटेच्या उन्हात ते वरून खाली हळूहळू उजळत जातं. हे देऊळ आजही पूजेत आहे. गाभारा दुपारी बंद असतो, म्हणून दर्शन सकाळीच घ्या. आतला रंगमंडप कृष्णदेवरायाने १५१० मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने उभारला. मान वर करून छत बघा. मत्स्यवेध करणारा अर्जुन आणि पालखीतून निघालेले विजयनगरच्या राजांचे गुरू विद्यारण्य स्वामी दोन्ही तिथे रंगवलेले आहेत. देवळाच्या मागच्या बाजूच्या अंधाऱ्या खोलीत एका बारीक फटीतून गोपुराची सावली भिंतीवर उलटी पडते. ऊन स्वच्छ असलं तरच ती नीट दिसते. खोलीत गेल्यावर डोळे सरावायला मिनिटभर थांबा. लोक लगेच मोबाईलचा टॉर्च लावतात आणि सावलीच घालवून बसतात.

तिथून हेमकूट. चढ सौम्य आहे, आजी-आजोबाही सावकाश चढतात. उतारावर दक्षिणेच्या बाजूला दोन गणपती आहेत. सासिवेकाळू म्हणजे मोहरीचा दाणा, कडलेकाळू म्हणजे हरभरा. नावं दाण्यांची, मूर्ती माणसापेक्षा उंच. सासिवेकाळू गणपतीला मागून जाऊन बघा. पुढून बसलेला गणपती दिसतो, मागे मात्र एका बाईची पाठ कोरलेली आहे. गणपती आईच्या मांडीवर बसलाय. समोरून फोटो काढून परतणाऱ्यांना ही पार्वती कधीच दिसत नाही.

नाश्ता करून आठच्या आत नदीकाठाला लागा. विरूपाक्षापुढच्या बाजाराच्या दोन्ही बाजूंना दगडी मंडपांच्या ओळी आहेत. पूर्वी त्यांत दुकानं आणि बिऱ्हाडं होती, २०११ मध्ये ती हलवली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतली चहाची टपरी तिथे शोधू नका. बाजाराच्या पूर्व टोकाला मोठा दगडी नंदी आहे. त्याच्या अलीकडे डावीकडची पायवाट नदीकडे उतरते.

इथून विठ्ठल मंदिर पायी दोनेक किलोमीटर आहे. रस्त्याने गेलात तर कमलापूरवरून मोठा वळसा पडतो. वाट बहुतेक सपाट आहे, काही ठिकाणी दगडावरून चढ-उतार. वाटेत कोदंडराम मंदिर आणि त्याच्यापुढे चक्रतीर्थ. इथे नदी वळण घेते आणि पाणी वरून शांत दिसत असलं तरी खाली ओढ जबर आहे. घाटावर पाय धुवा, आत उतरू नका. काठचे दगड शेवाळलेले असतात, भोवरे आहेत, मगरीही आहेत. कोदंडरामाच्या मागे वर माध्व संत व्यासरायांनी स्थापलेला यंत्रोद्धारक हनुमान आहे, पायऱ्या थोड्याच आहेत.

पुढे उजव्या हाताला अच्युतराय मंदिर. इथे गर्दी फार कमी असते. देवळापुढच्या लांबलचक ओस बाजारपेठेच्या टोकाला उभं राहून मातंग टेकडी बघितली की गावाचा आवाका कळतो. ज्यांचे गुडघे ठणठणीत आहेत त्यांनी दुसऱ्या दिवशी मातंगावर सूर्योदयाला जावं. पण उजाडल्यावर आणि तिघा-चौघांनी मिळून. या टेकड्यांवर अस्वल-बिबट्यांचा वावर असतो, अंधारात एकट्याने चढायची जागा नाही. वयस्कर मंडळींसाठी कंप्ली रस्त्यावरचा माल्यवंत रघुनाथ उत्तम: गाडी वर देवळापर्यंत जाते, आत रामायणाचा अखंड पाठ चालू असतो आणि मागच्या खडकावरून सूर्यास्त दिसतो.

काठाने तसंच पुढे गेलं की दोन दगडी खांबांवर आडवी तुळई दिसते. हा राजाचा तुलाभार. तुळईच्या खालच्या अंगाला तराजू टांगायच्या तीन कड्या दगडातच कोरलेल्या आहेत. खाली पाण्यालगत पुरंदरदास मंडप आणि पात्रात जुन्या पुलाचे दगडी खांब.

आणि मग विठ्ठल मंदिर. आपल्याकडची माणसं इथे नुसती रथ बघायला येऊन जातात याचं वाईट वाटतं. गरुडाचं देऊळ रथाच्या आकारात घडवलंय, पन्नास रुपयांच्या नोटेवर तेच आहे, ते बघाच. रथावर चढायला, चाकांना हात घालायला मनाई आहे. महामंडपातल्या ५६ खांबांतून सूर निघतात म्हणून लोक पूर्वी ते ठोकत, त्याने दगड झिजले. आता ठोकण्यास बंदी आहे. कुणी वाजवून दाखवतो म्हणाला तरी त्याला पैसे देऊ नका. पण त्यानंतर गाभाऱ्यापर्यंत जा. तो रिकामा आहे. वारकरी परंपरा सांगते की कृष्णदेवरायाने पंढरीचा विठ्ठल इथे आणला आणि पैठणचे भानुदास, म्हणजे एकनाथांचे पणजोबा, त्याला परत पंढरपूरला घेऊन गेले. इतिहासाचे अभ्यासक देऊळ कृष्णदेवरायाच्या आधीपासूनचं मानतात, आणि त्याने त्यात भर घातली एवढं नक्की. खुद्द कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदं ‘पुरंदर विठ्ठल’ या मुद्रेने संपतात. आषाढीला पायी जाणाऱ्या घरातल्या माणसाने त्या रिकाम्या चौथऱ्यापुढे दोन मिनिटं उभं राहावं, एवढंच सांगणं आहे.

इथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं: भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही. हेच तिकीट त्याच दिवशी कमळ महालाच्या आवारात आणि कमलापूरच्या संग्रहालयात चालतं. तिकीट जपून ठेवा, फेकू नका. परतताना पुन्हा काठाने चालायची गरज नाही. मंदिरापासून तळारीघट्टच्या दरवाजापर्यंत, साधारण एक किलोमीटर, बॅटरीच्या गाड्या चालतात. तिथून रिक्षा मिळते.

साडेअकरा ते साडेतीन या वेळात उघड्यावर काही बघायचं नाही, हा नियमच करा. जेवा, आराम करा आणि कमलापूरचं संग्रहालय बघा. ते शुक्रवारी बंद असतं. आत चौकात सगळ्या परिसराची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे: नदी, टेकड्या, तटबंदी, देवळं. तिच्याभोवती फिरून सकाळी आपण कुठून कुठे चाललो ते पोरांना बोटाने दाखवा. दुसऱ्या दिवशी राजवाडे बघताना त्याचा मोठा उपयोग होतो.

चारनंतर कृष्ण मंदिर, उग्रनरसिंह आणि बडवीलिंग. तिन्ही जवळजवळ आहेत. नरसिंहाची मूर्ती ६.७ मीटर उंच, एकाच दगडातली, १५२८ सालची. मांडीवरची लक्ष्मी फोडली गेली. तिचा एक हात मात्र नरसिंहाच्या पाठीवर तसाच राहिलाय, बाजूने वाकून बघितलं तर बोटं दिसतात. शेजारचं बडवीलिंग तीन मीटरचं, कायम पाण्यात उभं.

दुसरा दिवस: राजवाडे

आज रिक्षा ठरवा. ठरवताना ‘पूर्ण दिवस’ असं मोघम बोलू नका. ठिकाणांची नावं घ्या, दोन ठिकाणांमध्ये थांबायचं किती ते सांगा, आणि नदीपलीकडे जायचं की नाही हे स्पष्ट करा. नाहीतर संध्याकाळी हिशेबावरून तोंडातोंडी होते. कानडीतूनच बोला. आपल्या मोडक्यातोडक्या कानडीलाही तिथे मान आहे आणि भाव खाली येतो. हत्तीखान्याला ‘आने लाय’, दगडी रथाला ‘कल्लिन रथ’, देवळाला ‘गुडी’, नदीला ‘होळे’ म्हणा, कुणीही वाट दाखवेल.

सुरुवात हजार रामापासून, सातलाच. हे राजघराण्याचं खासगी देऊळ. बाहेरच्या तटाच्या भिंतीवर खालून वर पट्टे कोरलेत: तळाला हत्ती, मग घोडे, त्यावर सैनिक, नर्तकी. ही महानवमीची मिरवणूक आहे. घोडे धरलेल्या माणसांच्या टोप्या आणि दाढ्या बघा, ते परदेशी व्यापारी आहेत. विजयनगरला चांगला घोडा समुद्रापलीकडूनच आणावा लागे. आतल्या देवळाच्या भिंतींवर तीन ओळींत रामायण आहे. प्रदक्षिणेच्या दिशेने, एक ओळ पूर्ण करून मग दुसरी, असं वाचत गेलं तर गोष्ट लागते. सकाळचं तिरपं ऊन असताना कोरीव काम उठून दिसतं. दुपारी सगळं सपाट होतं.

मग राजवाड्यांचं आवार. इथे जोती वाचायला शिका. शंभर खांबांच्या सभामंडपाचा नुसता चौथरा उरलाय. त्यावर दहा ओळी, प्रत्येकीत दहा खाचा: लाकडी खांब रोवायच्या जागा. एका खाचेपाशी उभे राहून समोरची ओळ सरळ नजरेत घ्या, मग छत किती मोठं असेल ते आपोआप डोक्यात येतं. आवारात जमिनीवर दोन दगडी दारं आडवी पडली आहेत. लाकडी दारासारखे कप्पे आणि खिळे दगडात कोरलेत, वर-खाली फिरायच्या खुंट्याही आहेत. पोरं त्यावर उड्या मारतात, मारू देऊ नका.

महानवमी दिब्बा हा तीन टप्प्यांचा उंच चौथरा. नवरात्रात राजा इथून दहा दिवसांचा सोहळा बघत असे. म्हैसूरच्या दसऱ्याची परंपरा इथूनच चालत आलेली आहे. चढायला पायऱ्या आहेत, उतरताना कडेने नको.

दिब्ब्याजवळची पायऱ्यांची पुष्करणी १९८० च्या दशकात उत्खननात सापडली. काळ्या दगडाच्या, एकसारख्या, काटकोनात बसवलेल्या पायऱ्या. कठड्याजवळ उभे राहून पायरीच्या दगडांवर बारीक अक्षरं आणि खुणा शोधा. हा दगड कोणत्या दिशेच्या, कितव्या ओळीत बसवायचा, हे पाथरवटांनी दगडावरच लिहून ठेवलं होतं. म्हणजे दगड दुसरीकडे घडवून आणले आणि इथे जुळवले. तिला पाणी देणारी दगडी पन्हाळी खांबांवरून आजही दूरवर जाताना दिसते.

भूमिगत शिवमंदिरात टॉर्च लागतो. आत बऱ्याचदा घोट्याइतकं पाणी असतं आणि वटवाघळं असतात. पँट दुमडून जा किंवा दारातूनच नमस्कार करा.

तिथून कमळ महाल आणि हत्तीखाना. कमळ महालाच्या आत जाऊ देत नाहीत, कमानी बाहेरूनच बघायच्या. काल तिकीट काढलं असेल तरी आज नवीन ४० रुपये द्यावे लागतात. कुणी पैसे वाचवायला विठ्ठल मंदिर आणि कमळ महाल एकाच दिवशी कोंबतात, त्यात दोन्हींचं वाटोळं होतं. हत्तीखान्यात ओळीने ११ दालनं आहेत, घुमट वेगवेगळ्या घडणीचे. सावली भरपूर आहे, म्हणून हे सर्वांत शेवटी ठेवा. परतीच्या वाटेवर राणीचं स्नानगृह आहे, बाहेरून साधं आणि आतून नक्षीदार. त्याच रस्त्यावर भोजनशाळाही आहे. पाण्याच्या पाटाच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली ताटं, भाजी-चटणीच्या खळग्यांसकट. केळीच्या पानावर वाढतात तसंच.

जेवायला कमलापूर किंवा होसपेटला खानावळीत जोंधळ्याची रोटी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगा चटणी मिळते. आपल्याकडच्या भाकरीपेक्षा रोटी पातळ आणि कडक. चारच्या चहाबरोबर ओग्गरणी मंडक्की आणि मिरची भजी मागा. मंडक्की आपल्या फोडणीच्या चिरमुऱ्यांसारखीच, पण ओलसर.

तिसरी सकाळ: आनेगुंदी

अंजनाद्रीच्या ५७५ पायऱ्या आहेत. सातच्या आत चढायला लागा, नऊनंतर दगड तापतो आणि माणसं पायऱ्यांवर बसून राहतात. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून इथे मोठी श्रद्धा आहे. वरून तुंगभद्रेची वळणं, भाताची खाचरं आणि पलीकडे हंपी, सगळं एका नजरेत येतं. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी खालूनच हात जोडावेत आणि जवळच्या पंपासरोवरावर बसावं.

आनेगुंदी गाव हंपीहूनही जुनं. रंगनाथाचं देऊळ, गगन महाल, जुने दरवाजे, आणि अजून नांदती घरं. केळीच्या सालाच्या धाग्यापासून पिशव्या, चटया बनवणाऱ्या बाया इथे आहेत, थेट त्यांच्याकडूनच घ्या. नववृंदावनाला होडीने बेटावर जावं लागतं. मध्वाचार्यांच्या म्हणजे माध्व परंपरेतल्या नऊ यतींची ती वृंदावनं, म्हणजे समाध्या आहेत. तिथे शांतता पाळा आणि वृंदावनांना हात लावू नका. होडीचं भाडं चढण्याआधी ठरवा आणि परत आणण्याचंही त्यातच आहे का ते विचारा. गोल बुट्टीसारख्या होडीत बसताना सगळे एका बाजूला सरकू नका, ती लगेच कलते. जीवरक्षक जाकीट मागून घ्या. सणापूरच्या तळ्यात किंवा नदीत खडकावरून उड्या मारायचा मोह पोरांना होतो. पाण्याखाली कपारी आहेत, पट्टीचे पोहणारेही त्यात गेले आहेत. अंधार पडल्यावर कालव्यावर, खडकांवर आडबाजूला बसू नका.

परतताना दुपारी बाराच्या आत निघालात तर गदगच्या अलीकडे लक्कुंडीला दोन तास देता येतात. अत्तिमब्बेने १००७ साली बांधलेलं ब्रह्म जिनालय, काशी विश्वनाथ आणि मुस्किन बावी ही पायऱ्यांची विहीर, एवढी तीन बघा. विजयनगरच्या ग्रॅनाइटनंतर इथला मऊ हिरवट-निळसर दगड आणि त्यावरची सुईने काढावी तशी नक्षी हाताच्या अंतरावरून बघितली की दगड बदलला की कारागिराचा हात कसा बदलतो, ते लगेच दिसतं. तिथून हुबळी दीड-दोन तास, रात्रीच्या जेवणाला बेळगाव.